पाणी एकच, मजले वेगळे: सोसायटीच्या सभेआधी मतांची मुळं कशी शोधायची

बडोद्यात विश्वामित्री नदीच्या आसपासच्या सोसायट्यांमध्ये ऑगस्ट २०२४च्या पुरानंतर सभेत येणारा ठरलेला विषय म्हणजे जिन्याखालचं मीटर-बोर्ड वर घ्यायचं का, पाण्याची मोटर उचलायची का, आणि खर्च कोणी द्यायचा. विषय तसा इलेक्ट्रिशियनचा. पण सभा दोन तास चालते, कोणीतरी उठून जातं, आणि ठरावाऐवजी चहा होतो. कारण बोलणं बोर्डाबद्दल चाललेलं असतं आणि भांडण भलत्याच गोष्टीचं असतं.

ती भलती गोष्ट सभेच्या आधी कशी शोधायची, याची ही पद्धत. समजायला सोपं जावं म्हणून एक कल्पित इमारत धरू: तळमजला अधिक तीन मजले, दर मजल्यावर ६ घरं, एकूण २४. अर्धी घरं मराठी, अर्धी गुजराती, दोन-तीन भाडेकरू. खर्चाचे आकडेही नमुन्याचेच आहेत, तुमच्या इमारतीचे आकडे तुमच्या कोटेशनवरून घ्या.

आधी चार कप्पे करा

माणूस “माझं तर स्पष्ट मत आहे” म्हणतो, तेव्हा त्या एका वाक्यात चार गोष्टी कालवलेल्या असतात. एक माहिती: पाणी जोत्यापासून किती चढलं, बोर्ड किती उंचीवर आहे. दुसरी अनुभव: त्या दिवशी त्याच्या घरात काय झालं. तिसरी मूल्य: त्याला कशाचं मोल जास्त, सगळ्यांचा सारखा वाटा, म्हाताऱ्यांची सोय, काटकसर, की एकदा दिलेला शब्द. चौथी हित: त्याच्या खिशातून किती जाणार.

चारही सोडवायची रीत वेगळी. माहितीचा वाद मेजरिंग टेपने मिटतो. अनुभवावर वाद घालता येत नाही, तो ऐकून घ्यायचा असतो. मूल्यं एकमेकांशी तोलून बघावी लागतात, आणि हितात सरळ घासाघीस करायची असते. जिथे ऐकायचं तिथे टेप काढली, किंवा जिथे घासाघीस करायची तिथे तत्त्वज्ञान काढलं, की सभा फसली.

तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणतात, “कधीतरी येणाऱ्या पाण्यासाठी एवढा खर्च कशाला?” वरवर हा माहितीचा मुद्दा वाटतो, म्हणून सेक्रेटरी लगेच २००५, २०१९, २०२४ अशी वर्षं मोजून दाखवतो. काका गप्प होतात, पण मत बदलत नाहीत. कारण त्यांनी तिन्ही पूर गॅलरीतून पाहिलेत. शिवाय घर पेन्शनवर चालतं, हे ते सभेत बोलणार नाहीत. वर्षांची यादी त्यांच्या मुद्द्याला उत्तर नव्हतीच.

घरोघर जा, पण “का” विचारू नका

कामाला दोघं लागतात. एक विचारतो, दुसरा लिहितो. चेअरमन आणि सेक्रेटरी या जोडीत नकोत, त्यांच्यासमोर लोक एकतर तक्रार करतात नाहीतर सावरून बोलतात. एका घराला वीस मिनिटं पुरतात. एका संध्याकाळी चारपेक्षा जास्त घरं घेऊ नका, पाचव्या घरी तुम्ही ऐकत नसता, फक्त मान हलवत असता. २४ घरांना सहा संध्याकाळी धरा.

“तुमचं मत काय?” या प्रश्नाने सुरुवात केली तर छापील उत्तर मिळतं. “का?” विचारलं तर त्याहून वाईट, कारण “का” ऐकलं की माणूस स्वतःचा वकील होतो. त्याऐवजी दिवसाबद्दल विचारा. चार प्रश्न पुरेसे आहेत, याच क्रमाने:

“पाणी आलं तेव्हा तुम्ही कुठे होतात?”
“घरातलं सगळ्यात आधी काय उचललंत?”
“त्या दोन-तीन दिवसांत कोण मदतीला आलं, कोण आलं नाही?”
“या खर्चाच्या वाटणीत काय झालं तर तुम्हाला अन्याय झाल्यासारखं वाटेल?”

दुसरा प्रश्न साधा दिसतो, पण सगळ्यात कामाचा आहे. कोणी घराच्या कागदांची फाइल उचललेली असते, कोणी देवघरातले देव, कोणी सासूबाईंची औषधांची पिशवी, कोणी आधी स्कूटर रस्त्याच्या उंच बाजूला नेऊन लावलेली असते. घाईत हात जिकडे जातो, तिथे माणसाचं मूल्य सापडतं. त्याला “तुमची मूल्यं कोणती?” विचारलं असतं तर “माणुसकी” म्हणाला असता.

तळमजल्यावरच्या एका घरातलं बोलणं साधारण असं चालेल.

“काकू, पाणी आलं तेव्हा तुम्ही घरीच होतात?”
“मी आणि सासूबाई. हे ड्यूटीवर अडकलेले.”
“आधी काय उचललंत?”
“सासूबाईंना. मग गॅसची टाकी ओट्यावर. देव राहिले बघ खाली, ते दुसऱ्या दिवशी गाळातून काढले.”
“मदतीला कोण आलं?”
“वरच्या बेन. खिचडी पाठवली दोन्ही दिवस. पण मोटर बंद, प्यायला पाणी नाही. लिफ्ट बंद, सासूबाईंना खुर्चीवर बसवून दुसऱ्या मजल्यावर नेलं चौघांनी.”

लिहिणाऱ्याने यातलं काय टिपायचं? “काकूंना पुराची भीती वाटते” असं लिहिलं तर सगळं वाया गेलं. भीती हा तुमचा शब्द आहे, आणि सभेत तो काकूंना लहान करतो. “दोन दिवस मोटर बंद, प्यायला पाणी नव्हतं, सासूबाईंना खुर्चीवरून वर न्यावं लागलं” हे लिहा. आता लक्षात येईल की काकूंचा जीव मीटर-बोर्डात अडकलेलाच नाही. त्यांना मोटर आधी वर हवी आहे. सभेत मात्र त्या “बोर्ड वर घ्या” एवढंच म्हणतात, कारण विषयपत्रिकेत तेवढंच छापलेलं असतं.

भाषेचं सांभाळा. गुजराती शेजाऱ्याला गुजरातीतच बोलू द्या आणि त्यांचा नेमका शब्द तसाच उतरवा. भाषांतर करताना लिहिणारा नकळत आपलं मत मिसळतो. आणि घरातल्या बाईशी वेगळं बोला. सभेला नवरा येतो, पण पाणी शिरलं तेव्हा बऱ्याचदा घरी ती एकटी असते. तेव्हा अनुभव एकाचा आणि मत दुसऱ्याचं, असा प्रकार होतो.

वॉचमनला विसरू नका. त्याला मत द्यायचा हक्क नाही, पण पाणी कुठून आधी शिरतं, गटाराच्या झाकणातून की फाटकातून, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं. भाडेकरूचंही तसंच. मालक पुण्यात, पाण्यात भाडेकरू. दोघांशी बोला, दोन वेगळी कार्डं करा (कार्ड कसं लिहायचं ते पुढे येतंच).

हात बसवायला एक सराव

घरोघर जाण्याआधी टीमने तासभर बसून एक सराव करावा. त्यासाठी बडोद्याचाच इतिहास चांगला आहे.

सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. १९१३ मध्ये तरुण भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. त्या बदल्यात संस्थानाची नोकरी करायची होती. १९१७ मध्ये आंबेडकर नोकरीसाठी बडोद्याला आले, तर राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून काढलेले दिवस संपले ते दारात काठ्या घेऊन आलेल्या जमावाने. शेवटी मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. हीच आजची सयाजी बाग. त्या प्रसंगाची आठवण म्हणून तिथली जागा आता संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

आता टीममधल्या तिघांनी तीन ओळी लिहायच्या: “बडोदा संस्थान कसं होतं?” एकाने १९०६ नंतर शाळेत गेलेल्या पहिल्या मुलीच्या जागेवरून, दुसऱ्याने संस्थानच्या एखाद्या कारकुनाच्या जागेवरून, तिसऱ्याने त्या बागेत बसलेल्या उच्चशिक्षित तरुणाच्या जागेवरून. तिघांची उत्तरं खरी असतील आणि जुळणार नाहीत. राजाची इच्छा, कचेरीचा कागद आणि गावातलं दार, तिघांचा संबंध तीन वेगळ्या बडोद्यांशी आला.

इथे दोन चुका हमखास होतात. एकजण म्हणतो, “तो काळच तसा होता.” या वाक्याने अनुभव पुसला जातो, कारण काळ सगळ्यांना सारखा नव्हता, हाच तर मुद्दा. दुसरा म्हणतो, “म्हणजे महाराजांचं काम खोटंच की.” तेही नाही, मोफत शाळा होत्याच. एकाचा अनुभव मान्य करताना दुसऱ्याचा खोडायची गरज नसते, ही गोष्ट हाताला लागेपर्यंत सराव करा. ज्याला हे जमत नाही, त्याला लिहायचं काम द्या, विचारायचं नको.

कार्ड

प्रत्येक घराचं अर्ध्या ए-फोर कागदावर एक कार्ड. वर घर क्रमांक नको, फक्त मजला. तीन ओळी: काय घडलं (त्यांच्याच शब्दांत), कशाचं मोल, काय झालं तर हो म्हणतील. तिसरी ओळ लोक टाळतात, आणि तिच्याशिवाय कार्ड म्हणजे नुसती कैफियत.

कार्ड लिहिल्यावर परत त्या घरी जा, वाचून दाखवा, “बरोबर उतरलंय का?” विचारा. “हो, पण...” आलं तर पुन्हा लिहा. नुसता “हो” येईपर्यंत कार्ड पक्कं समजू नका. पैसे, आजारपण, घरातलं भांडण यातलं काहीही विचारल्याशिवाय कार्डावर घालायचं नाही. काकांची पेन्शन कार्डावर येणार नाही. तिथे फक्त “एकरकमी जमणार नाही, हप्ते हवेत” एवढंच येईल, आणि तेवढं पुरतं.

मूल्याची ओळ भरताना सगळे “सुरक्षितता” म्हणतात. मग पाच चिठ्ठ्या पुढे ठेवा: खर्च कमी, वाटा सारखा, म्हाताऱ्या-आजाऱ्यांची सोय आधी, काम पक्कं मग वेळ लागो, काम पावसाळ्याआधी. क्रम लावायला सांगा आणि शेवटची चिठ्ठी परत मागा. चिठ्ठी परत देताना माणूस थबकतो. कोणती द्यावी यावर तो जे पुटपुटतो, ते लिहून घ्या. पाचही हव्यात म्हणणाऱ्याला अजून स्वतःलाच माहीत नसतं.

टेपचं काम वेगळं

हे सगळं होईपर्यंत दुसऱ्या जोडीने मोजमाप उरकावं. खांबावरची पुराची खूण जोत्यापासून किती फुटांवर, बोर्डाची खालची कड किती, मोटर किती, अंडरग्राउंड टाकीचं झाकण किती. खूण पुसली गेली असेल तर लोकांच्या मोबाइलमधले त्या दिवसाचे फोटो बघा, वेळही त्यात असते. आठवणीत पाणी दरवर्षी चार इंच चढतं. “छातीपर्यंत होतं” म्हणणाऱ्याला चारचौघांत खोडू नका. त्याची आठवण त्याच्या जिवाची आहे, फुटांसाठी खांब आहे.

मीटर हलवायला वीज कंपनीची परवानगी लागते. आपल्या इलेक्ट्रिशियनकडून परस्पर हलवून घेणं हा गुन्ह्याचा मामला होऊ शकतो. परवानाधारक ठेकेदाराची किमान दोन कोटेशनं घ्या, आणि बोर्ड व मोटर यांचे आकडे वेगवेगळे मागा. एकत्र आकडा आला की “सगळं किंवा काहीच नाही” असं होऊन बसतं.

सभा

दीड तास. रविवारी सकाळी दहा बरं. रात्रीच्या जेवणानंतर घेतली तर म्हातारी माणसं येत नाहीत आणि पोरं मोबाइलवर असतात. खुर्च्या गोल मांडा. कमिटीचं टेबल पुढे लावलंत, की लोक कमिटीशी भांडतात, एकमेकांशी बोलत नाहीत.

पहिली पंधरा मिनिटं मोजमाप आणि कोटेशन. त्यावर फक्त आकड्यांबद्दल प्रश्न. नंतरची चाळीस मिनिटं कार्डं. २४ कार्डं वाचली तर लोक झोपतील. बरीचशी एकसारखी निघतात, त्यांचे गठ्ठे करा आणि आठ-नऊ वाचा. एका कार्डाला दोन मिनिटं. तळमजल्याचं कार्ड तिसऱ्या मजल्यावरच्याने वाचायचं आणि उलट. वाचताना आवाज आपोआप उतरतो, टोमणा मारता येत नाही. ज्याचं कार्ड आहे त्याला एकच वाक्य दुरुस्त करायची मुभा. सगळ्यात भारी प्रसंगाचं कार्ड पहिलं लावू नका, शेवटचंही नको. पहिलं लावलं तर पुढच्यांना आपलं सांगायची लाज वाटते, शेवटचं लावलं तर सभा रडून ठराव करते आणि महिन्याभरात पैसे देताना कुरकुरते.

उरलेला वेळ वाटणीला. कोटेशन ३,६०,००० रुपयांचं आहे असं समजा. फळ्यावर तीन हिशेब मांडा.

सारखा वाटा: दर घरी १५,०००. यामागचं मूल्य, इमारत सगळ्यांची.
ज्याचा लाभ त्याचा खर्च: तळमजल्याने दुप्पट द्यायचं. म्हणजे तळमजल्याची ६ घरं २४,००० प्रत्येकी, बाकीची १८ घरं १२,०००.
ज्याने सोसलं त्याला सवलत: तळमजल्याने निम्मं द्यायचं. म्हणजे तळमजला साधारण ८,५७१, बाकीचे साधारण १७,१४३.

तिन्ही हिशेब बरोबर आहेत, तिन्ही “न्याय्य” आहेत. आता लोकांना दिसतं की भांडण बोर्डाचं नव्हतंच. गंमत म्हणजे दुसऱ्या हिशेबावर कोणीतरी लगेच विचारतं, “पण मोटर आणि लिफ्ट बंद पडली तेव्हा वरच्यांना पाणी कुठून मिळालं?” हा प्रश्न वरच्याच मजल्यावरून आला तर समजा सभा मार्गी लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांसाठी १५,००० चे २,५०० प्रमाणे सहा हप्ते होतात का ते बघा. पुष्कळदा त्यांचा तात्त्विक विरोध तिथेच संपतो, आणि तो संपला म्हणून कोणी हसायचं नाही.

कुठे बिघडतं

सगळ्यात घातक वाक्य: “तुम्ही वर राहता म्हणून असं बोलता.” मताचं मूळ सापडलं म्हणजे मत चुकीचं ठरलं, असा याचा अर्थ घेतला जातो. वर राहणाऱ्याचा मुद्दा बरोबर असू शकतो, खाली राहणाऱ्याचा चुकीचा. मूळ शोधायचं ते बोलणं सुरू करायला, तोंड बंद करायला नव्हे. हे वाक्य आलं की सभा चालवणाऱ्याने तिथल्या तिथे थांबवावं आणि मुद्दा पुन्हा विचारावा.

दुसरं, माणसाऐवजी समाजाचं नाव घेणं. “मराठी लोक असेच”, “गुजराती पैशाचंच बघतात”. बडोद्याच्या दांडिया बाजारात तीन पिढ्या काढून इथे आलेलं मराठी घर आणि नोकरीच्या बदलीने नाशकाहून दोन वर्षांसाठी आलेलं मराठी घर, यांच्यातलं अंतर शेजारच्या गुजराती घरापेक्षा जास्त असू शकतं. एकाला इमारत नातवंडांपर्यंत टिकवायची आहे, दुसऱ्याला पुढचा पावसाळा काढायचा आहे.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर यातलं काहीही करू नका. तारीख आणि वेळ कळवा, बस्स. तिथे अनुभव लिहिला की खाली अंगठा येतो किंवा वाद येतो.

आणि वेळ. पूर ओसरल्यावर पंधरा-वीस दिवसांत कार्डं लिहून घ्या, आठवण ताजी असते. सभा मात्र लगेच नको, तेव्हा राग असतो. दिवाळी उलटू द्या, जानेवारी-फेब्रुवारीत घ्या. परवानगी, ठेकेदार, काम या सगळ्याला तीन-चार महिने लागतात आणि जूनमध्ये पाऊस येतोच.

इतिवृत्तात ठरावाबरोबर विरोधही लिहा, विरोध करणाऱ्याच्याच शब्दांत, आणि त्याची सही घ्या. “काहींनी हरकत घेतली” असं लिहिलेलं पुढच्या सभेत कोणाच्याच कामाला येत नाही. कार्डांवर तारीख टाका, पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच घरी तेच चार प्रश्न पुन्हा विचारा. मध्ये पाणी आलं असेल किंवा मुळीच आलं नसेल, उत्तरं बदललेली असतात. नवीन घर घेणाऱ्यालाही फाइल वाचायला द्या. आणि ती फाइल सोसायटीच्या ऑफिसात तळमजल्यावरच्या कपाटात असेल, तर आधी ती वर हलवा.